मुठीचा धर्म

कऱ्हाडाहून निघालें कीं मलकापूर लागतें, आणि तेथून दक्षिणेस दोन-तीन कोसांवर काले हें गांव आहे. ह्या गांवीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. ती ज्या श्रद्धेंतून उगवली, तिची विचारपूस मात्र क्वचितच होते.

ती श्रद्धा सत्यशोधकांची. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला. निर्मिक एक, सर्व माणसें त्याचीं लेकरें, आणि उभयतांमध्यें दलाल नको, हें त्याचें सार. विरोधकांनीं त्यांतला नकार तेवढा पाहिला. पण दलाल दूर केल्यावर एक अवघड प्रश्न उरतोच: निर्मिकानें सर्वांसाठीं पिकविलेलें धान्य भुकेल्याच्या ताटापर्यंत न्यावयाचें कोणीं? शेजाऱ्यानें, ह्याखेरीज दुसरें उत्तर त्या मतांत बसत नाहीं. १८७७ च्या दुष्काळांत समाजानें धनकवडीस बालाश्रम उघडून सुमारें २,००० मुलांच्या अन्नाची सोय केली, तेव्हां तें उत्तर कृतींत उतरलें.

भाऊराव जन्मानें जैन, कुंभोजचे, मतानें सत्यशोधक. वसतिगृहांतील मुलांना जेऊं घालण्यास त्यांच्यापाशीं ना इस्टेट होती ना सरकारी तिजोरी. त्यांनीं मुष्टिफंड काढला. घरोघरच्या बायांनीं रोजच्या धान्यांतून एक मूठ बाजूस काढावयाची आणि सांठलेलें तें धान्य वसतिगृहाच्या कोठींत जावयाचें, एवढीच ती योजना. वरवर पाहतां क्षुद्र. पण तिचें मर्म मापांत आहे. थैली देणाऱ्याची थैली लहानमोठी दिसते आणि नांवहि मागें उरतें. पाटलाच्या वाड्यांतली मूठ आणि कुळाच्या झोंपडींतली मूठ मात्र सारखीच भरते, आणि कोठींत पडल्यावर कोणती कोणाची हें कोणास सांगतां येत नाहीं. घेणाऱ्या मुलाला मिंधेपण वाटावें असा दाताच तेथें उरत नाहीं. अर्थात् समान मूठ म्हणजे समान त्याग नव्हे. भरल्या कणगींतली मूठ जाणवत नाहीं, तळाला गेलेल्या मडक्यांतली जाणवते.

१९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह निघालें. १९२७ त महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. महार, मराठा, जैन, मुसलमान अशीं मुलें तेथें एका पंक्तीस बसत. पंक्तिभेदाच्या त्या काळांत वाटणी सारखी असून भागत नव्हतें. ती एकाच पंक्तींत व्हावी लागे. अस्पृश्य मुलाला तेवढीच भाकरी अंगणांत वाढली असती, तर मापाला बाध आला नसता, पण मुठीचा सारा अर्थ बुडाला असता.

मुठी नेहमींच पुऱ्या पडल्या असें नाहीं. कोठी रिती होई, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचे दागिने विकीत. अखेर मंगळसूत्रहि गेलें. चरित्रकार येथें हात जोडून पुढें जातात. मला त्या मंगळसूत्रांत समाजाची थकबाकी दिसते: हजार घरांनीं वांटून घ्यावयाचें ओझें एका बाईच्या गळ्यावर पडलें. १९३० सालीं त्या वारल्या. पुढें ‘कमवा आणि शिका’ हा संस्थेचा परिपाठ रूढ झाला, मुलें शेतांत राबूं लागलीं, आणि ताटांतल्या भाकरींत त्यांच्या स्वतःच्या हातांचाहि वांटा पडूं लागला.