'वाहक कोठे?' ते 'वाहकता किती?' : हवाई विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातील नोंदींच्या संस्करणाचा इतिहास

प्रस्तावना

जमिनीखालील पदार्थांची विद्युतवाहकता निरनिराळी असते. ग्राफाइट व धातूंची अनेक सल्फाइडे वीज सहज वाहून नेतात. खारे पाणी व ओली चिकणमाती त्याहून कमी, तर कोरडी वाळू आणि अखंड ग्रॅनाइट अत्यल्प. विमान वा हेलिकॉप्टरवरील वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला, की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत भोवरा-प्रवाह निर्माण होतात. त्यांचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात नोंदले जाते. या नोंदीतून वाहकतेचा नकाशा आपोआप मिळत नाही; तो गणिताने घडवावा लागतो. या गणिताच्या इतिहासात केवळ पद्धतीच नव्हेत, तर विचारला जाणारा प्रश्नही बदललेला दिसतो.

धातुशोधाचा कालखंड

या तंत्राचा आरंभ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, कॅनडात झाला. न्यू ब्रन्सविकमधील हीथ स्टील आणि मॅनिटोबातील थॉम्पसन येथील १९५० च्या दशकातील शोधांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. ऑन्टारिओतील किड क्रीक येथे १९५९ मध्ये हवाई सर्वेक्षणात आढळलेल्या संकेतावर १९६३ मध्ये वेधन झाले आणि तांबे व जस्ताचा प्रचंड साठा हाती लागला. त्या काळी नोंद कागदी पट्टीवर उमटे व तज्ज्ञ डोळ्यांनी तिच्यातील टोकदार उंचवटे निवडीत. चिकणमातीमुळे उमटणारे पसरट चढउतार अडथळा मानून बाजूला सारले जात. अँथनी बॅरिंजर यांच्या 'इनपुट' पद्धतीत स्पंद थांबल्यानंतर जमिनीचा प्रतिसाद कसा मावळतो, हे क्रमाक्रमाने मोजले जाई. उत्तम वाहकाचा प्रतिसाद उशिरापर्यंत टिकतो, मातीचा लवकर विरतो. म्हणून येथेही मातीला वगळणे हाच हेतू होता.

टाकाऊ नोंदींचे मोल

१९७८ मध्ये डग्लस फ्रेझर यांनी प्रत्येक नोंदबिंदूवर जमिनीची आभासी रोधकता, म्हणजे वाहकतेचा व्यस्तांक, काढण्याची रीत मांडली. उंचीमापक अनेकदा झाडांच्या शेंड्यांमुळे फसतो. फ्रेझर यांच्या रीतीत रोधकतेसाठी त्यावर विसंबावे लागत नव्हते. त्यामुळे सुटे उंचवटे जाऊन सलग नकाशा आला. मात्र एका वारंवारतेवर सर्व खोलीसाठी एकच आकडा मिळे. वारंवारता वाढली की प्रवेशाची खोली घटते : १०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत १००० हर्ट्झला ती सुमारे १६० मीटर, तर १० ओहम-मीटरला सुमारे ५० मीटर असते. याच तत्त्वाच्या आधारे सेंगपील यांनी १९८८ मध्ये अनेक वारंवारतांवरून थरांचा अंदाज घेण्याची पद्धत दिली.

संगणक समर्थ होताच 'इन्व्हर्जन' रूढ झाले. यात थरांची कल्पित रचना धरून तिचा प्रतिसाद काढतात, तो प्रत्यक्ष नोंदीशी ताडतात आणि दोहोंत मेळ बसेपर्यंत रचना बदलतात. तत्पूर्वी पुष्कळ निवड करावी लागते. उपकरणाचा शून्यांक तापमानानुसार सरकतो, म्हणून उंचावर, जमिनीचा प्रतिसाद नगण्य होईल तेथे जाऊन तो तपासतात. विजेचे क्षणिक आघात आणि वीजवाहिन्यांजवळच्या नोंदी काढून टाकतात.

भूजलाकडे वळण

डेन्मार्कमध्ये पिण्याचे पाणी जवळजवळ सर्वस्वी भूजलातून मिळते. तेथे आर्हुस विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्कायटेम' पद्धतीने चिकणमातीचे संरक्षक थर व गाडल्या गेलेल्या दऱ्या शोधण्यास साह्य झाले. पूर्वी त्याज्य ठरलेली चिकणमातीच आता अभ्यासविषय बनली. भारतात केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१३ पासून पाच राज्यांतील सहा क्षेत्रांत असे प्रायोगिक सर्वेक्षण केले. त्यांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता.

समारोप

वाहकतेचा नकाशा हे छायाचित्र नव्हे. तो अनेक निर्णयांचा परिपाक असतो. पातळ, पण अधिक वाहक थर आणि जाड, पण कमी वाहक थर हे पुष्कळदा जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. चिकणमाती आणि खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू यांची वाहकताही सारखी असू शकते. येथे चूक झाल्यास विहीर कोठे खणावी आणि कोणता जलधर जपावा, हे निर्णय चुकतात. म्हणून वेधनातून मिळालेल्या पुराव्याशी नकाशा ताडणे अपरिहार्य ठरते. काय वगळले आणि का वगळले, याची नोंद नकाशासोबत जतन करणे हेही तितकेच आवश्यक आहे. कारण एका पिढीने वगळलेलेच पुढच्या पिढीला हवे असते, असे या इतिहासातून दिसून येते.