तटाखालचं शेत

गेल्या वेळी आपण १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईपाशी थांबलो होतो. लढाई एका दिवसात आटोपली. देश ताब्यात ठेवायचं काम मात्र पुढे बरंचसं मातीनं केलं. नॉर्मनांची रीत साधी. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मध्ये रचून टेकाड करायचं, ते ‘मॉट’. त्याच्या माथ्यावर लाकडी बुरूज. पायथ्याशी तट-खंदकानं वेढलेलं आवार, ती ‘बेली’. घरं, तबेले, कोठारं सगळं तिथं. दगड नको, चुना नको. फावडी आणि राबवायला माणसं मिळाली की झालं.

आज जायचंय वेल्सच्या सीमेवर, हेन डोमेनला. वेल्श भाषेत अर्थ ‘जुनं टेकाड’. श्रूजबरीचा अर्ल रॉजर द माँटगमरी यानं हा किल्ला १०७० च्या दशकात बांधला. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं जवळच्याच कड्यावर दगडी किल्ला बांधायला घेतला, आणि हा मागे पडला. आज तिथं झाडीतला उंचवटा, दुहेरी तट आणि बुजत आलेले खंदक एवढंच दिसतं. बघणारे अर्थातच दगडी किल्ल्याकडे वळतात.

फिलिप बार्कर मात्र १९६० पासून इथंच खणत राहिले, पुढे रॉबर्ट हायम यांच्या साथीनं, कित्येक उन्हाळे. अरुंद चर मारून लाकडी इमारत सापडत नाही. म्हणून त्यांनी मोठा भाग एकदम उघडला आणि थापीनं हळूहळू खरवडला. लाकूड कुजतं, पण खांबाचा खड्डा वेगळ्या रंगाच्या मातीनं भरलेला राहतो. त्या डागांवरून कळलं, की बेलीत इमारतींची दाटी होती, त्या पुन्हा पुन्हा बांधल्या गेल्या, मॉटवर जाणारा पूलसुद्धा. ऐषआरामाच्या वस्तू मात्र फारशा नाहीत. अर्लच्या किल्ल्यात! मला हे फार बोलकं वाटतं. सरहद्दीवरचं ठाणं होतं ते, राजवाडा नव्हे.

आणि या सगळ्याच्या खाली काय निघालं? सरी-वरंबे. नांगरलेलं शेत.

आता १०८६ चं डूम्सडे बुक काढा. त्यात नोंद अशी, की रॉजरला मिळाल्या तेव्हा इथल्या जमिनी ओसाड होत्या, आणि त्याआधी राजा एडवर्डच्या काळात तीन जमीनदार त्या शिकारीसाठी वापरत. नुसतं हे पान वाचलं तर वाटेल, इथं कायम रानच होतं. कसणाऱ्यांचं त्यात नावसुद्धा नाही. पण कुणीतरी इथं औत धरलं होतं, पिढ्यानपिढ्या, त्याशिवाय वरंबे असे उठत नाहीत.

एरवी उघड्या माळावरचे जुने वरंबे कोणत्या शतकातले, हे सांगणं फार कठीण. वर काहीच नसतं ना! इथं वर नॉर्मनांचा किल्ला आहे, म्हणजे नांगर १०७० च्या आधीचा. ज्या मातीनं ते शेत गाडलं, तिनंच ते जपलंही.