भाचीचं प्रशिक्षण

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची कोंढ्याला दोन दिवस राहायला आली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. येताना एक भली मोठी पिशवी घेऊन आली. मला वाटलं, आंबे असतील. नातवानं पिशवी उपडी केली तर आतून निघाली एक कापडी बाहुली, एक लोकरीनं विणलेला स्तन आणि कागदांची जाडजूड फाईल. "आजी, हे काय?" नातू विचारायला लागला आणि मी ते विणकाम झटकन पदराखाली झाकलं. भाची हसत सुटली. म्हणाली, "मावशी, छत्तीस वर्षं मास्तरीण होतीस ना गं? आम्ही चार दिवस हेच हातात घेऊन बसलो होतो."

तर ती चार दिवसांच्या प्रशिक्षणाहून आली होती. विषय : बाळाला अंगावर पाजणं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की यात चार दिवस शिकवण्यासारखं काय आहे बाप्पा? गाय वासराला पाजते, तिला कोण शिकवतं? शिवाय प्रशिक्षण म्हटलं की आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हजेरीपत्रक, दोन वेळचा चहा, प्रवासभत्त्याचा फॉर्म आणि मागच्या बाकावर स्वेटर विणणाऱ्या आम्ही. मी भाचीला तसं बोलूनही दाखवलं. तिला राग आला नाही. "पहिल्या दिवशी आम्हांलाही असंच वाटलं," म्हणाली. "पण मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, तुमच्यापैकी कितीजणींनी आपल्या बाळाला पहिल्या तासात पाजलं? आम्ही सगळ्या नर्सा. हात वर झाले तीन."

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, ताईच्या वेळी तुझं काय झालं होतं?"

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण एका ओळीत : "बाईला दूधच नव्हतं." सासूबाई असं म्हणत, शेजारणी असं म्हणत, पुढे मीही तसंच म्हणायला लागले. मोठी मुलगी १९७४ सालची. बाळंतपण जिल्ह्याबाहेर एका दवाखान्यात झालं. मुलगी झाल्याबरोबर तिला दुसऱ्या खोलीत नेलं, साखरेचं पाणी पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी केव्हातरी माझ्याजवळ आणलं. घड्याळ लावून चार-चार तासांनी पाजायचं, मध्ये रडली तरी उचलायचं नाही, असा नियम होता. स्तनाला भेगा पडल्या. पाजायची वेळ आली की मी दात-ओठ खायची. चौथ्या दिवशी सांगण्यात आलं, "दूध कमी आहे, डबा सुरू करा." सांगणारी माणसं शिकलेली होती, प्रेमळही होती. मी स्वतः बी.ए. झालेली, छापील शब्दावर विश्वास ठेवणारी. डब्यावर तर किती गुटगुटीत बाळ छापलेलं होतं!

घरी आल्यावर गावातली म्हातारी दाई म्हणाली, "पयलं दूद लेकराला पचत नाई वो बाई, पिरून टाकलं का नाई?" म्हणजे चीक फेकायला सांगणारी एकीकडे नि दूध बंद करायला सांगणारे दुसरीकडे. नव्वद दिवसांची रजा संपेपर्यंत माझं दूध आटलं. मुलीला दोनदा हगवण लागली, दुसऱ्या वेळी तर सलाईन लावावं लागलं. ती रात्र मी कोणाला सांगत नाही. मुलगी वाचली, आज तिची मुलगी कॉलेजात आहे. पण "दूधच नव्हतं" हे वाक्य पन्नास वर्षं माझ्या अंगाला चिकटून राहिलं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुला दूध होतं. लावायलाच कोणी शिकवलं नाही."

असो. इतिहास शिकवलेली बाई मी. त्या नर्सबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि का नव्हतं, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. सुट्टीभर नातवाच्या मोबाईलवर आणि कपाटातल्या जुन्या पुस्तकांत तेवढंच केलं.

आपल्याकडे बाळंतपणाच्या शिक्षणाला बळ मिळालं ते डफरिन बाईंच्या निधीमुळे, १८८५ साली. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं दाईंना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं निधी निघाला. भर होता तो हात धुण्यावर, नाळ स्वच्छ कापण्यावर, आणि ते योग्यच होतं, कारण बाया मरत होत्या त्या त्यानंच. आपल्या विदर्भात १९२१ साली नागपूरला कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढला. कमलाबाई लहान वयात विधवा झालेल्या. त्या काळी अशा बाईनं दुसऱ्यांची बाळंतपणं करायला उभं राहायचं, म्हणजे केवढी छाती! त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी सावकाश लिहीन.

पण या सगळ्या शिक्षणात पाजण्याचा धडा राहूनच गेला. तो बायकांना येतोच, असं धरून चालले सगळे. आणि जी जागा रिकामी राहिली, तिथे डबा येऊन बसला. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी १९३९ सालीच सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण करून डब्याच्या दुधापायी मरणाऱ्या बाळांना 'खून' हा शब्द वापरला होता. जगानं तो मनावर घ्यायला चाळीस वर्षं लावली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं डब्याच्या विक्रीबद्दल आचारसंहिता मंजूर केली. म्हणजे माझी मुलगी सात वर्षांची झाल्यावर.

याच काळात आपल्याकडे उलटंही काही घडत होतं. १९७७ नंतर नर्सबाईंचा (एएनएम) दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला आणि कामं वाढवली. लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, नोंदी... उद्दिष्टाचे आकडे पुरे करताना बाळंतिणीच्या बाजेजवळ बसायला वेळ कुठला?

आणि मग वर्धा! हे वाचताना मी खुर्चीवरून उठलेच. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 'बाळस्नेही रुग्णालय' ही मोहीम सुरू केली होती. तिच्या दहा पायऱ्यांपैकी दुसरी पायरी काय, तर दवाखान्यातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना शिकवा. १९९३ मध्ये त्यासाठी अठरा तासांचा अभ्यासक्रम तयार झाला, २००९ मध्ये तो वीस तासांचा झाला. म्हणजे शिकवायचं होतं ते शिकलेल्यांनाच. अडाणी बाईला समजवायला एक दिवस पुरतो. "आम्हांला येतं" असं समजणाऱ्याला चार दिवस लागतात. (हे मी शिक्षकांबद्दलही म्हणते, रागावू नका.)

शिकवणाऱ्याला पैसे कोण देतो, हा प्रश्नही त्याच सुमाराला पुढे आला. डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च डबेवाल्यांनी करायचा, तर तिथे डब्याविरुद्ध बोलणार कोण? १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांचा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती यांनी तो दरवाजा बंद केला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परिषदा, अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या यांना त्या कंपन्यांचा पैसा बंद. डब्यावरचं ते गुटगुटीत बाळसुद्धा कायद्यानं गेलं. मला यात फार समाधान वाटलं, कबूल करते.

मुंबईत त्याआधीच, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली होती, आशियातली पहिली. आणि आमची वैनगंगा ज्या दिशेला वाहत जाते त्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याहून मोठी उलथापालथ केली. १९९० च्या दशकात त्यांनी ३९ गावांतल्या बायकांना, थोडंफार शाळेत गेलेल्या, नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन, ऊब, श्वास मोजणं, अंगावर पाजणं. वारंवार शिकवलं, वारंवार तपासलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ तिथलं आहे.

भाचीचं प्रशिक्षण आलं ते २०१६ सालच्या 'माँ' कार्यक्रमातून. मी तिला विचारलं, "एकदा शिकलीस ना, मग आता झालं?" ती म्हणाली, "कुठलं झालं! आमच्या जुन्या सिस्टर अजून सांगतात, चार महिने झाले की वरचं सुरू करा." जागतिक आरोग्य संघटनेनं सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे ठरवलं २००१ मध्ये. त्याआधी चार ते सहा महिने असं होतं. एचआयव्ही असलेल्या आईबद्दलचा सल्ला २०१० मध्ये बदलला. करोनात २०२० साली कित्येक ठिकाणी बाळं आईपासून दूर ठेवली गेली, जागतिक संघटना नको म्हणत असताना.

यावरून मला माझंच पाप आठवलं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण फळ्यावर भंडारा जिल्हा काढायची माझ्या हाताला इतकी सवय, की नंतर दोन वर्षं मी गोंदियासकट काढत असे, आणि मुलं मुकाट्यानं उतरवून घेत. माझ्या चुकीनं कोणाला हगवण लागली नाही, एवढंच.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीच्या मधल्या काळात महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं ९०.३ वरून ९४.७ टक्क्यांवर गेली. केवढी मोठी गोष्ट! सहा महिने निव्वळ आईचं दूध मिळणारी बाळंही ५६.६ वरून ७१ टक्के झाली. पण पहिल्या तासात पाजलेली बाळं? ५७.५ वरून ५३.२. खाली! घरी चीक फेकणारी दाई आता उरली नाही. बाळ जन्मतं ते नर्ससमोर, डॉक्टरसमोर, आणि तरी जवळजवळ निम्म्या बाळांचा तो तास जातो. सिझेरियन वाढली, हे एक कारण म्हणतात. भाचीचं म्हणणं वेगळं. "सिझेरियनमध्येही पाजता येतं मावशी. पण टाके, बिलं, कागद, नातेवाईक, फोन... आणि ड्युटीवर एकटी मी."

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली. जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला असतो. त्या दिवसांत आमच्याकडे धानाची रोवणी सुरू असते. तान्हं लेकरू घरी आजीजवळ ठेवून बाई सकाळपासून बांधीत वाकलेली, पान्हा फुटून लुगडं भिजतं नि ती पऱ्हे लावत असते. फलक लावायचा, भाषण करायचं, तर ऐकायला कोण येणार? भाची म्हणाली, आशाताई संध्याकाळी घरोघर जातात, आणि दूध हातानं काढून वाटीत ठेवायला शिकवतात. हे मात्र कोणी वरून पाठवलेलं नव्हतं.

जायच्या दिवशी तिनं मला मोबाईलवर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा मराठी व्हिडिओ लावून दिला. बाळ कसं धरायचं त्याचा. मी बघितला आणि म्हटलं, आण ती बाहुली इकडे.

पंच्याहत्तर ओलांडलेली मी, खाटेवर मांडी घालून बसले. मी बाहुलीचं डोकं कोपरात घेतलं, १९७४ मध्ये घेतलं होतं तसं. "नाही," भाची म्हणाली. "उजवीकडे पाजायचं तर डाव्या हातात धर. पंजा मानेखाली, डोक्यावर दाबायचं नाही. पोट तुझ्या पोटाला लागू दे. आता थांब, तोंड मोठं उघडू दे. नुसतं टोक नाही द्यायचं, खालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी टेकली का?"

मी बाहुली जरा वर सरकवली. भाची वाकून बघत होती. नातू दारात उभा होता, या वेळी मी काही झाकलं नाही.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "दुखत नाहीये ना?"

बाहुलीनं काय दुखायचं! पण मी मान हलवली, नाही म्हणून.