घराची किंमत चढते कुठून?

आम्ही सौंदडच्या बचतगटांच्या बाया. आजचा विषय आमच्याच एका बैठकीत निघाला.

गटात कर्जाचा अर्ज आला की आम्ही कारण विचारतो. धानाचे बियाणे, शेळी, शिलाई मशीन, पोरीची फी, दवाखाना, अशीच कारणे बहुधा असतात. या वेळी एका ताईने वेगळे सांगितले. मुलगा नागपुरात कामाला आहे. भंडारा रोडने शहरात शिरताना पारडी लागते, तिकडे नवी इमारत उभी राहते आहे, आणि त्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट त्याने बघून ठेवला आहे. दिवाळीला विचारले तर एक भाव, होळीला विचारले तर दुसरा. "भिंती अजून उठल्या नाहीत, भाव मात्र उठला," असे ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मागे भिंतीला टेकून बसलेली आजी मात्र हसली नाही. तिने विचारले, "जागेचे पण पैसे घेतात का गं त्यात?"

आजीच्या या प्रश्नाने आम्हाला मागे नेले. म्हाताऱ्या बायांना विचारले, जुने कागद काढले, काही वाचले. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो.

आजी लग्न होऊन आली तेव्हाचे घर मातीचे होते. माती आणि धानाचे तणस पायाने तुडवायचे, थरावर थर चढवून भिंत घालायची, एक थर सुकला की दुसरा. वर लाकडाच्या मयाली, बांबूचे फाटे आणि कुंभाराने भाजलेले कवेलू. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायचे, सणाला छुईने भिंती सारवायच्या. लाकूड-बांबू निस्तारात जंगलातून येई. मजुरी पैशात कमी आणि परतफेडीत जास्त: आज आम्ही तुमच्या भिंतीवर, उद्या तुम्ही आमच्या. कुंभाराला धान, सुताराला धान. अशा घराची किंमत काढायची म्हटली तर कशी काढणार?

जागेचे तर विचारूच नका. हा सगळा मुलूख तेव्हा मालगुजारीचा होता. गावातल्या वस्तीच्या जागेला आबादी म्हणत. शेत कसणाऱ्याला आणि गावची कामे करणाऱ्याला आबादीत घरापुरती जागा मिळे, तिचे भाडे नसे. हे काही रामराज्य नव्हते. मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, वेठ करावी लागे, आणि कोणत्या जातीने गावाच्या कोणत्या टोकाला राहायचे हे आधीच ठरलेले असे. जागा फुकट होती, पण ती निवडायची मुभा सगळ्यांना नव्हती. आज मामा तलाव म्हणतो ते त्याच मालगुजारांच्या काळचे. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून मालकी सरकारकडे आली आणि राहत्या घराची जागा राहणाऱ्याकडे राहिली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी आजीचे घर तिथेच राहिले. त्याला किंमत यायची होती.

पैसा घरात शिरला तो सिमेंटच्या पोत्यातून. आज दुकानातून पोते उचलतो, पण ज्यांनी सत्तरीच्या दशकात पक्के घर बांधायला घेतले त्यांना परमिट आठवते. सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. अर्ज करा, वाट बघा, मंजूर होतील तेवढी पोती घ्या. घाई असेल त्याला काळ्या बाजाराचा भाव. या टंचाईने मुंबईत सरकार हलवले: सिमेंटच्या वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण काही अंशी उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. मग पोती मिळू लागली आणि स्लॅबची घरे उठू लागली. कवेलूच्या भट्ट्या थंडावल्या त्या याच काळात. स्लॅब आला तशी परतफेडीची मजुरीही गेली, कारण सेंट्रिंगवाला धान घेत नाही.

आता घरकुलाचा हिशेब बघू, कारण आपल्यातल्या बहुतेकींना घर म्हणजे घरकुलच. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि १९९६ पासून स्वतंत्र झाली. तेव्हा सपाट भागात एका घराला २० हजार रुपये मिळत. २००८ ला ते ३५ हजार झाले, २०१० ला ४५ हजार, २०१३ ला ७० हजार. २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि आकडा १ लाख २० हजारांवर गेला. म्हणजे वीस वर्षांत सहापट. पण त्यानंतर केंद्राचा हा आकडा हललाच नाही. रेती, गिट्टी, सळाख, मिस्त्रीची रोजी सगळे चढत राहिले. २०२५ मध्ये राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर यंत्रणेसाठी. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात, हे खरे. तरी साधे गणित करा. घरकुल किमान २५ चौरस मीटरचे हवे, म्हणजे २६९ चौरस फूट. १ लाख २० हजाराला २६९ ने भागा: फुटाला ४४६ रुपये. एवढ्यात घर पूर्ण करून देईल असा ठेकेदार आम्हाला तरी भेटला नाही. फरक कुठून येतो? बायांच्या पोतीतून, म्हणजे मंगळसूत्रातून, आणि गटाच्या कर्जातून. आमच्या गटांच्या वह्यांत 'घरदुरुस्ती' असे कारण लिहिलेली किती तरी कर्जे खरे तर घरकुलाचा स्लॅब आहेत. नियमाला तसे चालत नसेल, पण पावसाळा नियमासाठी थांबत नाही.

आणि हे सगळे ज्याला जागा आहे त्याच्यासाठी. यादीत नाव आहे पण घर बांधायला जागाच नाही, अशी कुटुंबे निघाली म्हणून राज्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने वेगळी योजना काढावी लागली: ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला ५० हजार रुपये, पुढे ती मदत १ लाख झाली. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "घराच्या जागेला लाखभर?" तिच्या डोळ्यांसमोर आबादी होती.

जागेला किंमत आली कशी, हे आपल्याच रस्त्यावर दिसते. सौंदडमधून जाणारा रस्ता म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. रेल्वेची गोंदिया-बल्लारशा लाइन पण इथूनच जाते, ती आधी लहान रुळांची होती, नंतर मोठी झाली. महामार्ग चारपदरी झाला तशा रस्त्याकाठच्या बांध्या धानापेक्षा प्लॉटसाठी ओळखल्या जाऊ लागल्या. शेत आणि प्लॉट यांच्यात एक कायद्याची भिंत आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा पुढे आपल्या भागाला लागू झाला, त्यामुळे शेताचा हवा तेवढा लहान तुकडा कापून विकता येत नाही. जमीन अकृषक करायची, नकाशा मंजूर करायचा, रस्ते सोडायचे, मग लेआऊट पाडायचे. हे ज्याला जमते तो एकरात घेतो आणि फुटात विकतो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडूनही किती फूट उरतात ते तुम्हीच मांडा, मग कळेल की धानाच्या भावात विकणाऱ्याच्या हाती काय आले आणि पुढे काय झाले.

नागपुरात हीच गोष्ट मोठ्या आकारात घडली. १९३६ च्या कायद्याने तिथे सुधार प्रन्यास आला, शहराची वाढ आखायला. पण शहर आखणीच्या पुढे पळाले. शहराभोवतीच्या शेतांवर गृहनिर्माण संस्थांनी मंजुरीशिवाय लेआऊट पाडले, हप्त्याहप्त्याने प्लॉट विकले आणि लहान पगाराच्या माणसांनी ते घेतले. आपल्या झाडीपट्टीतून गेलेलेही त्यात होते. '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' ही नावे नागपूरकरांच्या तोंडी बसली. वर्षानुवर्षे रस्ता नाही, नाली नाही, नळ नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने शुल्क भरून ते नियमित करायची सोय झाली. म्हणजे त्या घरांची खरी किंमत दोनदा मोजली गेली, एकदा प्लॉटवाल्याला आणि एकदा सरकारला. त्या मधल्या काळात डोक्यावर हंडा घेऊन पाणी भरले ते कोणी, हे रेडिओवर सांगायची गरज नाही.

मोकळी जमीन मोजक्या लोकांनी अडवू नये म्हणून १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला होता. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये मागे घेतला. जमीन मोकळी होईल, घरे स्वस्त होतील, असे तेव्हा बोलले गेले. जमीन मोकळी झाली असेल. घर स्वस्त झाल्याचे आमच्या ताईच्या मुलाला तरी दिसले नाही.

पारडीकडचा भाव का चढतो याचे एक कारण तारखेसकट सांगता येते. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि नागपूर मेट्रोची पूर्वेकडची प्रजापती नगरपर्यंतची गाडीही. मेट्रो सगळ्यांच्या कराच्या पैशाने झाली. तिच्यामुळे चढलेला भाव मात्र जवळच्या जमीनवाल्याच्या खिशात गेला, आणि तो फ्लॅट घेणाऱ्याच्या हप्त्यातून वसूल होणार. विटा तर पारडीला आणि सौंदडला सारख्याच. मिस्त्रीही कधी कधी आपल्याच तालुक्याचा असतो.

हप्ता हा दुसरा भाग. पूर्वी घर साठवलेल्या पैशाने बांधत, नाही तर अर्धे बांधून थांबत. आता बँक वीस वर्षांचे कर्ज देते. २० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे, असे धरा. महिन्याला १७ हजार ३५० च्या आसपास हप्ता बसतो आणि एकूण परतफेड जवळपास ४१ लाख ६५ हजार होते. बिल्डर भाव सांगताना हप्ता सांगतो, किंमत हळूच सांगतो. तुम्ही चटई क्षेत्र विचारा, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला किती फूट. २०१७ पासून महारेरा आहे, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्यावरून ताबा कधी देणार ते बघा. ताईच्या मुलाला आम्ही फोन लावून हे दोन प्रश्न लिहून घ्यायला लावले.

आता थोडे अवघड बोलायचे आहे.

या ताईचे माहेर महामार्गालगतचे. वडील गेल्यावर भावाने कागद आणले आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. तेव्हा ते नुसते शेत होते. आज तिथे प्लॉटचे दगड रोवलेले आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, देशाने २००५ मध्ये दिला. कायदा होता, सही पण तिचीच होती. "भावाशी वाकडे कोण घेणार, दिवाळीला जायचे कुठे?" असे ती म्हणाली, आणि खोलीतल्या निम्म्या बाया खाली बघू लागल्या. आम्ही लिहिणाऱ्याही त्यात होतो.

नागपूरच्या फ्लॅटची रजिस्ट्री करताना एक सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आधी पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. २० लाखांच्या घरावर २० हजार वाचतात. पण नवरा-बायको दोघांच्या नावाने घेतले तर ही सूट नाही. आम्ही ताईला म्हटले, फ्लॅट सुनेच्या नावाने घ्या.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ती तर काल आलेली पोरगी. हप्ता माझा मुलगा भरणार." कोणी काही बोलले नाही. आजीनेच विचारले, "आणि तू सही केली तेव्हा तुझे वय काय होते?"

त्या दिवशी गटाने तिला फ्लॅटसाठी कर्ज दिले नाही. आमच्या पुंजीत ते बसतही नव्हते. रजिस्ट्रीच्या खर्चाला मर्यादेतले कर्ज द्यायचे ठरले, आणि अर्जावर घर कोणाच्या नावाने होणार तो रकाना तिला भरून आणायला सांगितले. अर्ज अजून आमच्या फाइलीत आहे, रकाना कोरा आहे. मधल्या काळात बिल्डरने भाव पुन्हा वाढवल्याचे ती परवा सांगत होती. सून मात्र मागच्या बैठकीला सासूबरोबर आली होती आणि दाराजवळ बसून सगळे ऐकत होती.

त्या बैठकीनंतर आम्ही एक काम हाती घेतले आहे. गटातल्या प्रत्येकीच्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढायचा आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते वहीत लिहायचे. घरकुल असेल तर मंजुरीपत्रही आणायचे, कारण तिथे बाईचे नाव असते आणि उताऱ्यावर कधी कधी नसते. पहिल्या सात बायांचे उतारे आले आहेत. राहिलेल्यांनी येत्या मंगळवारी आधार कार्ड घेऊन अकरा वाजता पंचायतीसमोर यावे, आम्ही तिथे असू.