संगणक सुरू होण्यास विलंब : कारणे आणि उपाय

घरगुती संगणकाचे बटण दाबल्यानंतर विंडोज सुरू होण्यापूर्वी मदरबोर्डवरील बायोस अथवा यूईएफआय ही प्रणाली मेमरी आणि इतर प्रमुख भागांची तपासणी करते. त्यामुळे बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रथम पाहावे.

बटण दाबूनही पंखा फिरत नसेल, तर वीजजोडणी व पॉवर सप्लाय तपासावा. पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहून बीपचे आवाज येतात, अशा वेळी रॅम सैल झालेली असू शकते. वीजपुरवठा खंडित करून ती पुन्हा नीट बसवावी. तारीख व वेळ वारंवार मागे जात असल्यास मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलावी; बहुतेक संगणकांत ती सीआर २०३२ प्रकारची असते.

विंडोज उशिरा सुरू होण्यामागे पुष्कळदा आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम असतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागातून ते बंद करता येतात. अँटिव्हायरस मात्र सुरूच ठेवावा.

हार्ड डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. इतर कोणत्याही उपायाआधी छायाचित्रे व महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. विंडोज नव्याने बसविताना डिस्क फॉरमॅट केल्यास त्यावरील माहिती पुसली जाते. म्हणून संगणक दुरुस्तीस देताना तशी स्पष्ट सूचना द्यावी. डिस्क नवी मिळते. हरवलेली छायाचित्रे परत मिळतीलच असे नाही.