दुधाची दोन टोके

महाराष्ट्रातील दुधाचा इतिहास लिहिणारे बहुधा आरे वसाहतीपासून सुरुवात करतात, मग आणंदला जाऊन येतात आणि तिथून सहकाराच्या वाटेला लागतात. एखाद्या घराने चालवलेली डेअरी या इतिहासात तळटिपेपुरती येते. मी नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपूरला राहतो, त्यामुळे मला हे खटकते. आमच्या इंदापूर तालुक्यातले बरेचसे दूध आज खासगी डेअऱ्यांच्या टँकरमधून बाहेर पडते. इंदापूरची 'सोनाई' माने कुटुंबाची. शेजारी बारामतीत १९९०च्या दशकात 'डायनामिक्स'चा मोठा प्रकल्प उभा राहिला. १९९१ साली डेअरी उद्योगावरची परवान्याची अट उठली. पुढच्याच वर्षी केंद्राचा दूध व दुग्धपदार्थ आदेश आला आणि दिवसाला १० हजार लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणाऱ्यांना नोंदणी करावी लागू लागली. आमच्याकडच्या खासगी डेअऱ्या फोफावल्या त्या याच काळात.

पण घराने डेअरी चालवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घ्यायला त्याआधीची पिढी पाहावी लागते. त्यासाठी मी भीमाकाठ सोडून कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला जातो.

भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंबगोवीचे. १९३९ साली त्यांनी भिलवडीला दुधाचा धंदा सुरू केला. लिंबही कृष्णेच्या काठी आणि भिलवडीही. म्हणजे माणूस नदीच्या धारेने खाली सरकला, एवढेच. भिलवडीला दोन गोष्टी होत्या. नदीकाठची वैरण आणि तिच्यावर पोसलेल्या म्हशी ही एक, रेल्वे स्टेशन ही दुसरी. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची. म्हशी नरसिंहपूरलाही होत्या, दोन नद्यांचे पाणी होते, पण गावाला स्टेशन नव्हते. उन्हाळ्यात कच्चे दूध पाच-सहा तासांत नासायला लागते. ज्या गावाला त्या वेळात गिऱ्हाईक गाठता येत नाही, त्या गावात दुधाचा धंदा होत नाही. खवा होतो, तूप होते.

रेल्वेनेही सगळे सोपे झाले असे नाही. पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज, पुणे-मुंबई ब्रॉडगेज. भिलवडीचे दूध मुंबईला न्यायचे तर पुण्यात गाडी बदलणे आले. १९७०च्या सुमारास हा मार्ग रुंद झाला, तोवर हीच तऱ्हा. चितळ्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची एक हकिगत नेहमी सांगितली जाते. दूध मुंबईला जाई आणि तिकडून निरोप येई की माल नासला. नासलेल्या मालाचे पैसे कोण देणार? शेवटी थोरला मुलगा रघुनाथ खरे-खोटे पाहायला स्वतः मुंबईला गेला.

कुटुंबाच्या कौतुकाची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला तिच्यात या धंद्याची सगळी रचना दिसते. दूध ही अशी वस्तू आहे की दूरच्या टोकाला तिचे काय झाले, हे विकणाऱ्याला कळतच नाही. धान्य परत मागवता येते, कापड परत येते. नासलेले दूध गटारात जाते आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. दोन्ही टोकांना आपले माणूस उभे केले की हा प्रश्न सुटतो. चितळ्यांनी नेमके तेच केले. परशुराम आणि दत्तात्रय, म्हणजे नानासाहेब आणि काकासाहेब, यांनी भिलवडीची डेअरी सांभाळली. रघुनाथराव म्हणजे भाऊसाहेब आणि नरसिंह म्हणजे राजाभाऊ यांनी पुणे सांभाळले. १९५० साली पुण्यात 'चितळे बंधू मिठाईवाले' सुरू झाले. मिठाईच्या दुकानाकडे मी असे पाहतो : दूध उरले तरी वाया जाणार नाही, याची ती सोय होती. बाकरवडी पुष्कळ नंतरची, १९७०च्या दशकातली, आणि तिच्यात दूध नाही. तरी आज घराण्याचे नाव घेतले की लोकांना आधी तीच आठवते. (दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर पुणेकरांनी विनोदांचा पाऊस पाडला आणि २०१७ साली ती प्रथा संपली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पहाटेच्या रतिबाने ज्यांचा दिवस सुरू होतो, त्यांना दुपारची झोप लागणारच, हे विनोद करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.)

म्हणजे घर हे इथे मोजमापाचे साधन झाले. पगारी माणूस ठेवून जे साधले नसते, ते भावांनी साधले.

मात्र या साखळीला तिसरे टोकही आहे, गोठ्याचे. तिथे घरचा माणूस नसतो. तिथे येते ते यंत्र. आधी लॅक्टोमीटर, ज्याच्या आकड्याला आमच्याकडे 'डिग्री' म्हणतात. मग फॅट, मग एसएनएफ. चितळ्यांनी तर पुढे जनावरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले घातले आणि प्रत्येक म्हशीची नोंद संगणकावर ठेवली. गवळ्याचा यात फायदाही झाला. आजार लवकर कळला, रेतन वेळेवर झाले. पण मोजणारा आणि दर ठरवणारा एकच आहे. मुंबईच्या निरोपावर चितळ्यांना जो संशय आला, तोच संशय संकलन केंद्राच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला येतो. फरक इतकाच की खिडकीपलीकडे पाठवायला तिच्याकडे भाऊ नाही.

सहकारी संघात निदान कागदावर तिला मत आहे. खासगी डेअरीत तेही नाही. तिथे उचल मिळते. गाय घ्यायला डेअरी पैसे देते, दर दहा दिवसांच्या 'पगारा'तून कापून घेते आणि ते फिटेपर्यंत दूध दुसरीकडे जात नाही. तरीही लोक खासगीकडे गेले, कारण पगार वेळेवर मिळाला. संघांच्या पुढाऱ्यांनी हे कधी मनावर घेतले नाही. २०२३च्या डिसेंबरात सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले ते आधी फक्त सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांसाठी. ओरड झाल्यावर खासगीला घालणारेही त्यात आले. राज्यातले बहुतेक दूध कुठे जाते, हे मुंबईत बसून विसरता येते, ते असे.

चितळ्यांचा इतिहास लिहिता येतो, कारण घराने आठवणी जपल्या. दूध घालणाऱ्यांच्या घरात जपले जाते ते दूध-पुस्तक : तारीख, वेळ, लिटर, फॅट, डिग्री, दर. हिशेब झाला की ते चुलीत जाते किंवा पोरांच्या हाती. गेली काही वर्षे मी अशी पुस्तके मागून आणतो आहे. बहुतेकांवर नाव घरातल्या पुरुषाचे आहे. आत मात्र अधूनमधून पेन्सिलीने एखादी आडवी खूण सापडते. गाय भाकड झाली त्या दिवसाची. ती बहुधा धार काढणारीने केलेली.