टाकीत पेट्रोल होते

ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात स्कूटर चालवली आहे, त्यांना पेट्रोलचा कॉक नक्की आठवत असेल. गाडी आचके देऊ लागली की हात आपोआप सीटखाली जायचा, कॉक 'रिझर्व्ह'वर फिरायचा आणि गाडी पुन्हा पळू लागायची. रस्त्यावरची नजरही हटवावी लागत नसे. एवढीच साधी गोष्ट आकाशात न जमल्यामुळे जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाचा जीव गेला. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे गाणे गाणारा तोच.

लहान विमानांत बहुधा दोन्ही पंखांत एकेक इंधनटाकी असते. बऱ्याच विमानांत एका टाकीतून दुसरीवर जायचे तर वैमानिकाला हाताने दांडा फिरवावा लागतो. त्यामुळे इंजिन बंद पडण्याच्या दोन तऱ्हा होतात. एक म्हणजे इंधन खरोखरच संपणे. दुसरी म्हणजे विमानात इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे. आपल्याकडे म्हणतात ना, काखेत कळसा नि गावाला वळसा!

डेन्व्हरचे विमान होते 'लाँग-ईझी'. आराखडा बर्ट रुटान या नामवंत विमानरचनाकाराचा, पण बांधणी एका हौशी माणसाने केलेली. रुटानच्या आराखड्यात टाकी बदलण्याचा दांडा वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. त्यावर खुणा नव्हत्या. शिवाय दांडा उजवीकडे वळवला की डावी टाकी सुरू होई! इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागेच.

डेन्व्हर नवशिका नव्हता. वडील हवाई दलात वैमानिक, आणि त्याचे स्वतःचे उड्डाण २७०० तासांहून अधिक. पण हे विमान त्याने नुकतेच विकत घेतले होते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरी विमानतळावर उड्डाणापूर्वी तो आणि तिथला तंत्रज्ञ या दांड्याविषयी बोलले होते. हात पुरत नाही म्हणून पकड लावून पाहिली, तरी जमेना. मागच्या नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने एक छोटा आरसा दिला. टाकी बदलताना विमान स्वयंचलित यंत्रणेवर ठेवीन, असे डेन्व्हर म्हणाला. इंधन भरायचे का, असे विचारल्यावर तासभरच उडायचे आहे म्हणून त्याने नको म्हटले.

तीन वेळा धावपट्टीला चाके टेकवून त्याने पुन्हा उड्डाण केले. मग तो समुद्राकडे वळला. उंची जेमतेम ५०० फूट. काही क्षणांत विमान समुद्रात कोसळले. तो ५३ वर्षांचा होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९९९ मध्ये निष्कर्ष दिला. दांडा धरण्यासाठी मागे वळताना त्याचे लक्ष विमानावरून हटले आणि नकळत उजव्या पायाने सुकाणूचे पेडल दाबले गेले. पुरेसे इंधन न भरणे हेही कारण ठरले. पण मंडळ तिथे थांबले नाही. दांड्याची अडचणीची जागा, खुणांचा अभाव आणि या विमानाचा अपुरा सराव हेही त्याने नोंदवले.

मला हे महत्त्वाचे वाटते. 'वैमानिकाची चूक' एवढे लिहून फाईल बंद करता आली असती. त्याची चूक होतीच. पण तो दांडा घातक आहे हे अपघातानंतर कळले असे नाही. पकड, आरसा, स्वयंचलित यंत्रणा हे तिन्ही उपाय म्हणजे दोष कळला असल्याचे तीन पुरावेच. तरी दांडा होता तिथेच राहिला, कारण 'तेवढे जमवून घेऊ.' आणि संकटाच्या वेळी नेमके तेच जमवून घ्यायला सवड मिळत नाही.

आपल्या घरातही अशी एखादी वस्तू असते. शॉक देणारा गीझरचा स्विच, जिन्याची हलणारी पायरी. सगळ्यांना ठाऊक असते, म्हणूनच कोणी दुरुस्त करत नाही. या रविवारी तेवढे काम उरकून टाका.